नदीप्रवासाची जहाजे : त्यांची रचना व गुणदोष

आमचे थोरले बंधू या वर्षी सहस्रचंद्रदर्शनाच्या वयास पोहोचले. हा प्रसंग कोणत्या प्रकारे साजरा करावा याचा घरात खल चालू असता, न्यूरेंबर्ग येथे नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्याने असे सुचविले की, शांतिकर्म यथासांग पार पडल्यावर तिन्ही पिढ्यांनी मिळून डॅन्यूब नदीवर आठ दिवस जहाजाने प्रवास करावा. पाठोपाठ चार कंपन्यांची सचित्र माहितीपत्रकेही आली. चारही जहाजे सारखीच शुभ्र, चारही खोल्या सारख्याच आरशासारख्या लखलखीत; मग निवड करावी कशावरून? वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही सगळे जाऊन या. मी आपली घर सांभाळते.” हे ऐकताच दादांनी माहितीपत्रके मिटून ठेवली. सहस्रचंद्रदर्शन ज्यांचे, त्यांच्या अर्धांगीच घरी राहावयाच्या, तर तो प्रवास कसला? अखेर “काकांनी वाचून निवाडा द्यावा” असे ठरून ती पत्रके आमच्या मेजावर आली.

या बाबतीत आमचा स्वतःचा अनुभव फारसा अभिमानास्पद नव्हता. तीन वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब ऱ्हाइन नदीवर असाच प्रवास केला होता, आणि भाडे थोडे म्हणून जहाजाच्या सर्वांत खालच्या मजल्यावरची खोली घेतली होती. तेथपर्यंत लिफ्ट नव्हती. खिडकी होती ती छताजवळ, आणि तीही न उघडणारी. तिच्यातून पाण्याची रेघ आणि हंसांची पोटे एवढेच दिसे. दोन वेळच्या भोजनासाठी आणि काठावर उतरण्यासाठी दिवसातून आठ-दहा वेळा जिने चढावे लागत. तिसऱ्या दिवसापासून आमच्या कुटुंबाने गावे पाहण्याचे सोडून दिले. दोष त्या जहाजाचा म्हणावा तर ते आपल्या परीने चांगलेच होते. चूक आमच्या निवडीची होती. तेव्हापासून या विषयाचे जे वाचन-मनन आम्ही केले, त्याचा सारांश आमच्यासारख्या इतर कुटुंबांस उपयोगी पडेल, या हेतूने येथे देत आहो.

नदीतील जहाज म्हणजे समुद्रातील जहाजाचीच लहान आवृत्ती, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. समुद्रात जहाज बांधणाऱ्यास खाली, वर व बाजूंस मोकळीक असते. नदीत मात्र खाली तळ, वर पूल आणि दोहों बाजूंस भिंत, अशा तीन बंधनांत त्याचे कसब कोंडलेले असते. यांतील भिंतीचा खुलासा केला पाहिजे. नदीस बांध घालून पाणी तुंबविले म्हणजे वरच्या व खालच्या पाण्यात पायरी पडते. ती जहाजास चढता-उतरता यावी म्हणून दोन दरवाजांचा एक लांबट हौद बांधतात. जहाज आत शिरले की दरवाजे मिटून हौद भरतात किंवा रिकामा करतात, आणि पाण्याबरोबर जहाजही वर किंवा खाली जाते. यास लॉक म्हणतात. मार्गातील सर्वांत अरुंद लॉकातून जे जाऊ शकत नाही, ते जहाज त्या मार्गावर निरुपयोगी, हे उघडच आहे.

युरोपातील जहाजांचे माप या एका गोष्टीने ठरले आहे. मेन व डॅन्यूब या नद्यांस जोडणारा कालवा २५ सप्टेंबर १९९२ रोजी वाहतुकीस खुला झाला, आणि उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत सलग जलमार्ग निर्माण झाला. असाच कालवा खणण्याचा उद्योग शार्लमेन बादशहाने इ. स. ७९३ मध्ये त्याच प्रदेशात केला होता. म्हणजे बाराशे वर्षांचा हा मनोरथ. या १७१ किलोमीटर लांबीच्या कालव्यावर सोळा लॉक असून त्याचा माथा समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंच आहे. लॉकांची रुंदी मात्र अवघी १२ मीटर! म्हणून या मार्गाने जाणारे जहाज साडेअकरा मीटरांहून रुंद असून चालत नाही. लांबीची मर्यादा १३५ मीटर. म्हणजे रुंदीच्या जवळजवळ बारापट लांबी. गिरगावातील एखादी जुनी चाळ उचलून पाण्यावर ठेवावी, मधून बोळ व दोहोंकडे खोल्या, तसे हे जहाज दिसते.

उंचीचेही तसेच. कालव्यावरील पुलांखाली सुमारे सहा मीटर मोकळी जागा मिळते. तेवढ्यात तीन मजले बसवावयाचे, म्हणून सर्वांत खालचा मजला अर्धा पाण्यात राहतो. सुकाणूची खोली तर यंत्राच्या साहाय्याने खाली दबून मजल्यात बसते. गच्चीवरील कठडे आडवे करतात, छत्र्या मिटतात, आणि प्रवाशांस गच्ची मोकळी करण्याचा हुकूम होतो. ज्या गच्चीच्या चित्रावर आपण भुलतो, ती अशा भागात तासन् तास बंद असते, ही गोष्ट माहितीपत्रकात सहसा ठळक अक्षरांत नसते.

तिसरे बंधन खोलीचे. ही जहाजे पाण्यात सुमारे दीड-पावणेदोन मीटरच बुडतात. तरीसुद्धा २०१८ व २०२२ साली ऱ्हाइनचे पाणी इतके आटले की कित्येक जहाजांस मध्येच थांबून प्रवाशांस मोटारगाड्यांनी पुढे पोहोचवावे लागले. याच्या उलट महापुरात पाणी वाढले म्हणजे जहाज पुलाखालून जाऊ शकत नाही. फार उथळ पाण्याचा विचार करून जहाज बांधावे तर ते वाऱ्यास हलके होते. फार भारी बांधावे तर वाळूस टेकते.

जहाजाच्या रचनेचा असा विचार आपल्याकडे नव्हता असे नाही. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात नौकांचे सामान्य व विशेष असे दोन वर्ग केले असून, सामान्य वर्ग नदीप्रवासासाठी व विशेष वर्ग समुद्रासाठी समजला जातो. खोल्या कोठे आहेत यावरून आणखी तीन प्रकार सांगितले आहेत : एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खोल्या असलेली ती सर्वमंदिरा, मध्यभागी असलेली ती मध्यमंदिरा आणि पुढील टोकाकडे असलेली ती अग्रमंदिरा. पहिली राजाचा खजिना, अश्व व स्त्रिया यांच्या वाहतुकीस योग्य. दुसरी राजाच्या विलासयात्रेस व पावसाळ्यास योग्य. तिसरी दूरच्या प्रवासास व युद्धास योग्य, असा त्यांचा विनियोगही दिला आहे. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय नौकानयनाच्या इतिहासात या प्रकरणाचा परिचय करून दिला आहे. ग्रंथकाराची दृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे. तो एक नौका उत्तम व दुसरी अधम असे म्हणत नाही. कोणती कोणत्या कामास, हे सांगतो. आमच्या मते निवडीची खरी रीत हीच होय.

आजचे युरोपीय जहाज बहुधा सर्वमंदिरा जातीचे असते. पुढील टोकास काचेचा दिवाणखाना, त्याखाली भोजनगृह, त्यामागे तिन्ही मजल्यांवर खोल्यांच्या रांगा आणि पिछाडीस यंत्रे. यावरून काही व्यावहारिक गोष्टी सहज निघतात. पिछाडीच्या खोल्यांस यंत्राचा आवाज व थरथर अधिक. पुढील टोकाच्या तळमजल्यासही शांतता असेलच असे नाही, कारण लॉकात शिरताना जहाज आडवे सरकविण्याचे लहान यंत्र तेथे असते आणि लॉक रात्रीही येतात. मधली खोली सर्वांत निवांत. वीज उत्पन्न करून तिच्या बळावर पंखे फिरविण्याची पद्धत काही नव्या जहाजांत आली आहे. तिने आवाज पुष्कळ कमी होतो, पण बांधणीचा खर्च वाढतो.

आता सज्जाविषयी, कारण भाड्याचा मोठा वाटा सज्जापायी जातो. साडेअकरा मीटर रुंदीतून भिंती व बोळ वजा केला तर दोहों बाजूंस फार तर पाच-पाच मीटर उरतात. त्यांत खुर्च्या मांडता येतील असा खरा सज्जा काढला, तर तो खोलीतूनच काढावा लागतो. म्हणजे बाहेर बसण्याचे सुख आत झोपण्याच्या जागेतून विकत घ्यावयाचे. दुसरी युक्ती फ्रेंच सज्जाची : काचेचे दार सरकते, बाहेर लगेच कठडा, वारा मिळतो, खोली मोठी राहते, पण बाहेर पाऊल ठेवता येत नाही. तिसरी युक्ती अशी की भिंतभर काच खाली उतरते आणि खोलीचाच पुढचा भाग सज्जा बनतो. पावसाळी हवेस ही फार सोयीची, परंतु काच उतरविणारे यंत्र बिघडले की सज्जाही गेला व वाराही गेला. एका नामांकित कंपनीने २०१२ पासून आणलेल्या जहाजांत बोळच मध्यभागावरून एका बाजूस सरकविला आहे. त्यामुळे एका बाजूच्या खोल्या रुंद होऊन त्यांस खरा सज्जा मिळाला. दुसऱ्या बाजूच्या अर्थातच अरुंद राहिल्या. जागा वाढत नाही, ती इकडची तिकडे होते, हा या सर्व शास्त्राचा मुख्य सिद्धांत आहे.

शिवाय सज्जापुढे दृश्य असेलच असे नाही. गर्दीच्या गावी धक्का अपुरा पडतो, म्हणून दोन-तीन जहाजे एकमेकांस खेटून उभी करतात. नाईल नदीवरही हाच प्रकार चालतो. अशा वेळी आपल्या सज्जातून शेजारच्या जहाजातील गृहस्थ दाढी करताना दिसतो! त्याहून महत्त्वाचे हे की, काठावर जाण्यासाठी शेजारच्या जहाजातून, क्वचित त्याच्या गच्चीवरून, जावे लागते. कित्येक जहाजांची लिफ्ट गच्चीपर्यंत पोहोचत नाही. दुखऱ्या गुडघ्यांस हा प्रसंग कठीण.

ही अरुंदपणाची अडचण ज्यांनी तोडली, त्यांनी नद्यांवरच पाणी सोडले. २०१९ साली डॅन्यूबवर ‘अमामॅग्ना’ नावाचे जहाज आले. लांबी नेहमीचीच, पण रुंदी २२ मीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. प्रवासी मात्र १९६, म्हणजे नेहमीच्या जहाजाहून फारसे अधिक नाहीत. वाढलेली सर्व जागा खोल्यांस व भोजनगृहांस दिली. पासाऊखालच्या डॅन्यूबवरील लॉक २४ मीटर रुंद असल्याने तेथे ते चालते. परंतु मेनचा कालवा व ऱ्हाइन त्यास कायमची बंद. चीनमध्ये यांगत्सेवरील तीन घळींच्या धरणाचे लॉक २८० मीटर लांब व ३५ मीटर रुंद असल्यामुळे तिकडची जहाजे अनेक मजली व शेकडो प्रवाशांची असतात. लॉक मोठा तर जहाज मोठे. माणसाची हौस त्यानंतर येते.

काही नद्यांवर लॉकापेक्षा उथळपणा अधिक नडतो. तेथे चाकाच्या जहाजाची जुनी रचना अद्याप उपयोगी पडते. पंख्यास फिरण्यास पाण्याखाली खोली लागते. फळ्यांचे चाक वरवरच्या पाण्यावरही जहाज रेटते. म्हणूनच अमेरिकेत मिसिसिपीवर अशी जहाजे प्रसिद्धीस आली, आणि फ्रान्सच्या उथळ लवार नदीवर २०१५ साली चाकाचेच नवे जहाज सुरू झाले. दोष असा की चाक अवजड, गती मंद आणि वाहून येणाऱ्या ओंडक्यांनी फळ्या मोडण्याचे भय. १९२७ सालचे ‘डेल्टा क्वीन’ हे याच घराण्यातील नामांकित जहाज. पण त्याचे वरचे मजले लाकडी. अग्निभयास्तव १९६६ साली झालेल्या कायद्यातून त्यास वेळोवेळी सूट मिळत गेली. ती २००८ साली संपली आणि त्याचे रात्रीच्या मुक्कामाचे प्रवास थांबले. लाकडाचे सौंदर्य डोळ्यांस दिसते, त्याचे जळणे कल्पनेने पाहावे लागते. कायदा ते पाहतो.

आपल्या पूर्वेकडील नद्यांचा स्वभाव आणखी निराळा. गंगा-ब्रह्मपुत्रेत लॉकांची रांग नाही, पण वाळूची बेटे दर पावसाळ्यात जागा बदलतात. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून निघालेले ‘गंगा विलास’ हे जहाज ६२ मीटर लांब, १२ मीटर रुंद, आणि पाण्यात अवघे १.४ मीटर बसणारे आहे. त्याने ५१ दिवसांत बांगलादेशमार्गे दिब्रुगडपर्यंतचा ३,२०० किलोमीटर प्रवास योजला. खोल्या १८, प्रवासी ३६. थोडक्या माणसांमुळे निवांतपणा भरपूर, आणि त्याच कारणाने भाडेही भरपूर. ब्रह्मदेशात ऐरावती नदीवर १८६५ साली स्थापन झालेल्या आगबोट कंपनीने सपाट तळाची, दुमजली, खोल्यांची दारे बाहेरच्या ओसरीत उघडणारी बोट रूढ केली. आमच्या रत्नागिरीकरांस ही नदी परकी वाटू नये. १८८५ साली मंडालेहून थिबा राजास पदच्युत करून नेले ते याच नदीने, आणि पुढे १९१६ साली देह ठेवीपर्यंत तो रत्नागिरीसच होता. या ओसरीच्या रचनेत बोळ आतून नसल्याने दोन्ही बाजूंनी वारा खेळतो आणि सर्वांस नदी दिसते. मात्र आपल्या दारापुढून सारे जहाज ये-जा करते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसास त्याचे काही वाटणार नाही. इतरांनी विचार करावा.

येथवर सुखसोयींचा विचार झाला. परंतु रचनेचा दोष कधी प्राणांवर बेततो, हेही सांगितले पाहिजे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट पावसाळी वादळात कलंडून सहाशेहून अधिक माणसे बुडाली. लाटा एका बाजूने आत येऊ लागताच उतारू दुसऱ्या बाजूस धावले, आणि तोल गेला. कोकणातील आमच्या पिढीची मुले ही हकीकत ऐकत वाढली. १० जुलै २०११ रोजी रशियात व्होल्गावरील ‘बुल्गारिया’ हे १९५५ साली बांधलेले जहाज बुडून १२२ माणसे गेली. उकाड्यामुळे खालच्या मजल्याच्या खिडक्या उघड्या होत्या, त्यांतून पाणी शिरले. हे वाचल्यावर ऱ्हाइनवरील आमच्या न उघडणाऱ्या खिडकीविषयीची तक्रार आम्ही मनातल्या मनात मागे घेतली. १ जून २०१५ रोजी यांगत्सेवर ‘पूर्वेचा तारा’ या अर्थाच्या नावाचे ७६ मीटर लांबीचे जहाज वादळी वाऱ्याने क्षणार्धात उलटले. त्यावरील ४५४ माणसांपैकी १२ वाचली. गेलेल्यांत बहुतेक वृद्ध सहलकरू होते. बांधणीनंतर केलेल्या फेरफारांनी वारा सोसण्याचे त्याचे सामर्थ्य उत्तरोत्तर घटत गेले होते, असे चौकशीत आढळले. मजले उंच, तळ उथळ, अशा जहाजास वारा हा शिडाप्रमाणे धरतो. म्हणून जहाज किती शोभिवंत आहे याआधी ते केव्हा बांधले, पुढे त्यात काय वाढविले, आणि वादळाची सूचना मिळताच ते थांबते की नाही, हे विचारण्यात संकोच नसावा.

हे सर्व वाचून झाल्यावर आम्ही वहिनींच्या शेजारी जाऊन बसलो आणि जहाज बाजूस ठेवून त्यांनाच विचारले, “तुम्हांला काय हवे?” त्या म्हणाल्या, “भाऊजी, सज्जा नसला तरी चालेल. पायरी नसावी.” चार माहितीपत्रकांचा निकाल या दोन वाक्यांत लागला. पुतण्याने कंपन्यांस पत्रे लिहिली : लिफ्ट कोणत्या मजल्यापासून कोणत्या मजल्यापर्यंत, भोजनगृह व दिवाणखाना तिच्या वाटेवर आहेत की नाहीत, न्हाणीघरास उंबरठा किती, गावी जहाजे खेटून उभी राहतात तेव्हा वृद्धांस कोणत्या वाटेने नेतात. दोन कंपन्यांची उत्तरे मोघम आली, एकीचे आलेच नाही. चौथीने मजल्यांचा नकाशा पाठवून, एका गावी शेजारच्या गच्चीवरून जावे लागण्याचा संभव आहे, असे स्पष्ट कळविले. जिने दोष लपविला नाही, तिचे जहाज आम्ही घेतले.

जहाज नेहमीच्याच रुंदीचे आहे. रुंद जहाज अधिक ऐसपैस होते, पण त्याचे भाडे आमच्या आवाक्याबाहेर, आणि आमचा मार्ग पासाऊ ते बुडापेस्ट एवढाच. दादा-वहिनींस मधल्या मजल्यावरची, लिफ्टजवळची, फ्रेंच सज्जाची खोली. तरुण मंडळींस तळमजला, त्यांचे गुडघे अजून नवे आहेत. त्या एका गावी गच्चीवरून जाण्याची वेळ आलीच, तर दादा-वहिनींबरोबर आम्ही उभयता दिवाणखान्यात बसून राहू असे ठरले आहे. नदी काचेतूनही दिसते.

नदी जहाजाचे माप ठरविते; त्या मापात कोणती सोय कोणास द्यावयाची हे जहाज बांधणारा ठरवितो; उरलेली निवड आपली. ती करताना घरातील सर्वांत अशक्त माणसाचे पाय प्रथम पाहावेत, सज्जा मागाहून. वहिनींनी काल पेटीतून लोकरीची शाल काढून उन्हात घातली, यावरून त्या घर सांभाळावयास राहत नाहीत, हे आम्ही समजलो.